मला ऐकू आलं नाही

संगमनेर,
रविवार, ता. ११ मार्च १९४५

प्रिय कमरुद्दीन,

सव्वा वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय ते कार्डावर नाही, पाकिटातून. कार्ड टपालवाला वाचतो, आणि राहुरीत तुमच्या आळीत ते तुझ्या हाती पडेपर्यंत आणखी चारजण वाचतील. हे तू एकट्याने वाच. तुला वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे मला, म्हणून अक्षर मोठं काढलंय. गाडीच्या पाटीवर मी गावांची नावं रंगवायचो आणि तू ती बोटाने लावत वाचायचास, तशा बेताने.

माझं म्हणशील तर मी आता तेलीखुंटाकडच्या एका सायकलच्या दुकानात बसतो. पंक्चर काढतो, तारा ओढतो. पुढच्या चाकाला बत्तीस तारा आणि मागच्याला चाळीस. मोजायची काही गरज नसते, तरी मी प्रत्येक चाकाच्या मोजतो. मोजत असलो की डोक्यात दुसरं काही येत नाही. आपल्या प्रवासी मोटारीच्या मालकाने मला गाडीवर परत ये म्हणून दोनदा बोलावणं धाडलं. पहिल्यांदा गेलो. गाडीच्या दारापाशी पोचलो, पायरीवर पाय ठेवला, आणि तो पुन्हा खाली घेतला. तसाच माघारी आलो. दुसऱ्यांदा केशरने परस्पर सांगून टाकलं की यांना हिवताप आहे. तेव्हापासून गावाच्या लेखी मला हिवतापच आहे. वाटेत भेटेल तो कोयनेल घ्या म्हणतो, आणि मी घेतो म्हणतो.

जेवताना बाहेर मोटारीचा भोंगा वाजला तर माझा उजवा पाय आपोआप जमीन दाबतो. केशर ते बघते आणि भाकरी वाढते. दुकानाच्या शेजारी एक इस्त्रीवाला आहे. त्याने कोळसे पेटवले की मला तिथं बसवत नाही, प्रवरेच्या वाळूत जाऊन उभा राहतो, धूर निघून गेला की परत येतो. त्या बिचाऱ्याला वाटतं, मला नदीचं वेड आहे.

मालकाने गाडी दुरुस्त करून तिला हिरवा रंग दिला. आता तिच्याकडे पाहून कुणाला ओळख पटत नाही असं तो समजतो. नवा ड्रायव्हर चंदनापुरीच्या घाटात त्या वळणावर नारळ फोडतो आणि प्रवासी हात जोडतात. ज्याला जसं सुचेल तसं तो करतो. तू काय करतोस, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

त्या दिवसाचं तुला मी काय सांगावं! पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मार्गशीर्ष होता. पेट्रोल मिळेना म्हणून मालकाने गाडीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली होती आणि त्या गॅसवर ती कशीबशी धावायची. तू मागे भट्टीत सळई घालून निखारे हलवायचास, मी पुढे तिला चुचकारायचो. चढ आला की तिचा दम संपायचा. मग प्रवाशांनी खाली उतरून चालायचं, तू चाकामागे लाकडी ठोकळा घेऊन तयार राहायचं, आणि रिकामी गाडी मी वर काढायची, हा आपला ठरलेला रिवाज. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दोन पोरांचा बाप, तरी मला उस्ताद म्हणायचास. मला ते आवडायचं. त्या दिवशी आपल्याला दोन तास उशीर झाला होता. वळणावर माणसं उतरली आणि पायी पुढे निघून गेली. तिघं आतच राहिली. दोघे नाशिककडचे म्हातारे वाटसरू आणि मागच्या बाकावर घारगावकडची रंगुबाई. गाडी निम्म्या चढावर अडली आणि मागे सरकू लागली. तू ठोकळा लावलास, चाक त्यावरून गेलं. मी दारातून डोंगराच्या अंगाला फेकला गेलो. गाडी दुसऱ्या अंगाला, दरीत गेली, आतल्या तिघांना घेऊन.

चौकशीत जे ठरलं ते ठरलं. माणसं उतरवणं हे क्लीनरचं काम, ते त्याने केलं नाही. मालकाने तुला काढलं. बाजारातून जाताना लोक तुझ्याकडे बघून थुंकायचे. मग एक दिवस कळलं की तू घर आवरून जहिरा वहिनींच्या माहेरी राहुरीला गेलास. निघताना माझ्या दारावरून तुझी बैलगाडी गेली. मी आत होतो. केशर म्हणाली, कमरुद्दीनभाऊ चाललेत. मी चाकाच्या तारा मोजत होतो, घरीसुद्धा.

तू गेल्यावर महिनाभराने एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, डोक्याला मळकं मुंडासं, हातात वांग्यांची पाटी. सायकल नव्हती त्याच्यापाशी. पाटी खाली ठेवून म्हणाला, “मी सहादेव. रंगूचा मालक.” माझ्या हातातली पकड खाली पडली. मला वाटलं, हा आता मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने उलटं ठेवलेलं खोकं ओढलं, त्यावर बसला आणि विचारलं, “गाडीत काही बोलली का ती?”

मी काय करणार होतो, कमरुद्दीन? त्या दिवशी मी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. पण तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता की मी म्हणालो, हो, बोलली. म्हणाली, घरी मालक वाट बघत असतील. सहादेवने मान हलवली. पाटीतली चार वांगी काढून माझ्यापुढे ठेवली आणि गेला.

पुढच्या बाजारी तो पुन्हा आला. मग दर बाजारी. माल विकला की खोक्यावर बसायचा, तंबाखू मळायचा, चिमूटभर मला द्यायचा. थोड्या वेळाने म्हणायचा, “आनि काय म्हनत हुती?” आणि मी सांगायचो. ती सुनेचं कौतुक करत होती. तिने लेकाच्या पोरासाठी रेवड्या घेतल्या होत्या. दावणीच्या गाईचा पाय दुखावलाय म्हणून ती काळजीत होती. गाय आहे हे त्याच्याच बोलण्यातून मला कळलं होतं. एकेका आठवड्याला मी एकेक वाक्य तयार करून ठेवू लागलो. तुला खोटं वाटेल, पण आठवड्यातला तेवढाच दिवस मला माणसासारखा जायचा. ज्या बाईला मी धड पाहिलं नाही, तिचा आवाज मला ऐकू यायला लागला. केशरशी मी दिवसाला चार शब्द बोलत नव्हतो आणि सहादेवशी तासभर बोलायचो, तेही सगळं बनावट.

काल बाजार होता. मी त्याला सांगितलं की रंगुबाई खिडकीतून बाहेर बघत होती आणि म्हणाली, यंदा ज्वारी काय झकास आलीय! सहादेव तंबाखू मळायचा थांबला. हसला थोडंसं. म्हणाला, “राधाकिसन, रंगूला गाडी लागायची. गाडीत बसली की त्वांडावर पदर घ्यायची आनि डोळं मिटायची. उतरंस्तवर येक शब्द बोलायची न्हाई.”

मी विचारलं, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं? म्हणाला, “व्हय, पैल्या दिसापासनं.” मग येत कशाला होतात? तर तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “घरात तिचं नाव काडलं की ल्योक उठून जातो. सून डोळ्याला पदर लावती. शेजारी म्हनत्यात, झालं गेलं, आता इसरा. तू येकटा तिचं नाव घेत हुतास. खोटं का हुईना, तिला बोलती ठिवलीस.” मग त्याने हातातली तंबाखू तशीच खाली टाकली. एवढ्या दिवसांत त्याने तंबाखू टाकलेली मी पाहिली नव्हती. म्हणाला, “आता मातर येक खरं सांग. तिचं डोळं मिटलेलं. तिला कसं कळावं समदी उतरली म्हनून? कुनी हाळी दिली असती तर ती उतरली असती. कुनीच काही म्हनलं न्हाई का?”

वर्षभर त्याला विचारायचं होतं ते एवढंच होतं. मी त्याला उत्तर दिलं. ते ऐकून तो उठला, पाटी उचलली, दोन पावलं गेला आणि मागे न बघताच म्हणाला, “हे मला सांगून काय? ज्याला सांगाया पायजे त्याला सांग.” आणि गेला. पुढच्या बाजारी तो येईल असं मला वाटत नाही. ते खोकं मी अजून उचललेलं नाही.

आता तुला दुसरं एक सांगतो. जहिरा वहिनींचं कार्ड मला तीन आठवड्यांपूर्वी आलंय. त्यांनी ते कुणा मास्तरांकडून लिहवून घेतलेलं दिसतं. तुला ठाऊक नसेल, त्यांच्यावर रागावू नकोस. त्या लिहितात की तू कामाला जात नाहीस, पोरांशी बोलत नाहीस, दिवसभर मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतोस. सुरुवातीला सगळ्यांना सांगायचास की मी ओरडलो होतो, मी सांगितलं होतं. कुणी खरं मानेना. मग तू सांगायचं बंद केलंस. आणि आता, वहिनी लिहितात, तू स्वतःच म्हणतोस की मी ओरडलोच नसेन, मला उगीच तसं वाटतं. शेवटी त्यांनी मला एकच विचारलंय, भाऊसाहेब, तुम्ही तिथं होता, काय झालं होतं? ते कार्ड मी तीन आठवडे टोपीच्या घडीत घालून हिंडतोय. घामाने शाई पसरली, पण अक्षरं जात नाहीत.

काल रात्रीच्या जेवणाआधी मी केशरलाही सांगितलं. ती पीठ मळत होती, हात तसेच परातीत राहिले. म्हणाली, “मग इतके दिवस मी कुणाच्या ताटात वाढत होते?” आज सकाळी चहा मात्र केला.

तर कमरुद्दीन, हे पत्र यासाठी. तू ओरडला होतास. गाडी चढाला लागायच्या आधी तू मागून ओरडलास, “उस्ताद, थांबा! आत तीन मानसं हाईत!” मी ऐकलं. मला वाटलं, आधीच उशीर झालाय, त्यात म्हाताऱ्यांना उतरवायचं आणि परत चढवायचं म्हणजे अर्धा तास जाईल. मी गिअर टाकला आणि म्हणालो, राहू दे, चालेल, तू ठोकळा बघ. फौजदाराने मला विचारलं, क्लीनरने काही सांगितलं होतं का? तू समोरच उभा होतास, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून, आणि माझ्याकडे बघत होतास. मी म्हणालो, मला ऐकू आलं नाही. हे चार शब्द मी ठरवून बोललो नव्हतो, तोंडातून निघाले, आणि मग मागे घेता आले नाहीत. उद्या सोमवारी कचेरी उघडली की मी जाऊन खरं काय ते लिहून देणार आहे. त्यानंतर माझं जे व्हायचं ते होईल, त्याची काळजी तू करू नकोस, आणि मला माफ कर असंही मी म्हणत नाही. पण तू तुझ्या कानांवर, तुझ्या गळ्यावर पुन्हा विश्वास ठेव. तू तुझं काम केलं होतंस. एकदा नाही, दोनदा ओरडलास. दुसऱ्यांदा तर तू पत्र्यावर थाप मारलीस. मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.

तुझाच,
राधाकृष्ण