घरातलं नाक

१२ जानेवारी
उद्या अ‍ॅडमिट. पिशवी भरली. नाकात वाढलेलं मांस काढणार. अ‍ॅलर्जीच्या शिंका कित्येक वर्षांच्या, पण आता वास येणंही कधीचं बंद. हे होते तोवर अडलं नाही. चाकणला कंपनीच्या पेंट शॉपमध्ये जन्म घालवूनही ह्यांचं नाक शाबूत. दूध नासलं का, भात लागला का, ह्यांना विचारायचं. घरात एक नाक पुरत होतं.
दिवाळीनंतर दूध उतू जाऊन गॅस विझला. मी शेजारीच पुस्तकात. पलीकडची रुक्मिणी धावत आली. "मावशी, गल्लीत वास यायलाय की! नाक हाय का नाही तुम्हाला?" तिने हसण्यावारी नेलं. संदीपने नाही. "आई, ऑपरेशन कर. वास आला तर राहा चिखलीत. नाही तर हिंजवडीला आमच्याकडे. विषय संपला."
तो आणि पूजा सकाळी कॅबने जातात, अंधार पडल्यावर येतात. तिथेही एकटीच. वर सतरावा मजला.

१६ जानेवारी
बोळे काढले. केवढं कोंबलं होतं आत! डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग पहिला श्वास. गार, थेट डोक्यापर्यंत. डॉ. म्हणाले, "श्वासाचं काम झालं, काकू. वासाची खात्री देत नाही. येईल, अर्धामुर्धा येईल, किंवा..."

२ फेब्रुवारी
मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मग स्प्रे. तोंड मिटून झोप लागते, हे नवलच. शिंका थांबल्या. रुक्मिणी म्हणते, "तुमच्या शिंकेवर उठायचे मी. आता रोज नळ चुकायलाय."
वास नाही. लसूण ठेचून हुंगला. नाही. फिनेल. नाही. पुस्तकात रातराणी वगैरे आली की पान उलटते.

१५ फेब्रुवारी, रविवार
सं. आणि पूजा आले. परीक्षा! डोळ्यांवर ओढणी बांधली. पूजा एकेक वस्तू नाकाशी धरत होती. कॉफी ओळखली, बरणीच्या झाकणाचा आवाज ओळखीचा. कापूर नाकात गार लागला म्हणून कळला. लिंबाचा थेंब ओठावर उडाला.
"पास!" सं. ओरडला. किती दिवसांनी असा हसला. हसताना अगदी ह्यांच्यासारखा...
खरं सांगायला तोंड उघडलं होतं. राहिलं.
सं. बाहेर गाडी काढायला गेला. पूजा चपला घालता घालता म्हणाली, "आई, झाकण मी मुद्दाम वाजवलं." मान वर केली नाही.
मला इथे राहायचंय म्हणून, की तिला मी तिथे नकोय म्हणून? विचारायचं कसं?

१० मार्च
आज वास आला. खरंच आला. डाळ निवडत होते. जळका म्हणावा तर नाही, गोड म्हणावा तर तसाही नाही. शेगडी पाहिली, बंद. तरी सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. मागच्या वर्कशॉपचा रंग? गटार? की माझ्याच नाकातलं काही? डॉ. म्हणाले होते, कधी नुसता भासही होतो. कुठल्या गोष्टीचा वास कसा असतो, तेच विसरून गेलेय.
"अहो, कसला वास येतोय हा?" मोठ्याने म्हटलं. सवय.
रुक्मिणी गावाला गेलीय. सं.ला फोन लावला, लगेच कट केला. तो विचारणार, कसला वास? काय सांगू? त्याच्या लेखी मला सगळे वास ओळखता येतात.

११ मार्च
आजही आहे. गॅस पेटवायचा धीर नाही. चहासुद्धा नाही. चिवडा खाऊन पाणी प्यायले.
शेवटी पूजाला फोन केला. "जरा येऊन हुंगून जाशील का?" काय पण मागणं, सुनेला!
मागे ऑफिसातली बोलणी ऐकू येत होती. मग म्हणाली, "येते. संदीपला नाही सांगत." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पण आई, मला काहीच वास आला नाही, तर काय करायचं?"
तू ये तर आधी, म्हटलं.
उंबऱ्यात बसून लिहितेय. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली की मान वर होते. वास आहे अजून. मला तरी येतोय.