मिलिंग मशीन विकणे आहे, किरकोळ काम बाकी

२८ ऑगस्ट
निर्णय पक्का. मिलिंग मशीन विकायची. लोखंडाले पाहिजे तसा आकार देणारी अशी मशीन अख्ख्या मूर्तिजापुरात दुसरी नाही. बारा वर्षांपूर्वी लिलावात घेतली. कामाच्या गडबडीत सुरू करायची राहून गेली.
वच्छला म्हणे, दसऱ्याच्या आत शेड खाली करा. यंदा तिनं स्वतःच्या हिमतीवर एकरभर झेंडू लावला. तोडलेली फुलं सावलीत नाही ठेवली त खराब होतात. नवरा म्हणून एवढं त करूच शकतो. तसंही दसऱ्याले लय टाइम आहे.
दुपारी मोबाइलवर जाहिरात टाकली. चालू कंडिशन, किरकोळ काम बाकी. मोटर जळालेली अन् टेबल जाम आहे. बाकी चालू.

८ सप्टेंबर
अमरावतीहून जीवन नावाचा माणूस आला. जुन्या मशिनी घेते, दुरुस्त करून विकते. टॉर्च घेऊन मशीनखाली लोळला. म्हणे, गंज वरवरचा आहे, टेबल ज्याच्यावर सरकते त्या स्लाइड चांगल्या आहेत. सत्तर हजार देतो, आजच गाडी बोलावतो. अन् काका, तोपर्यंत हात लावू नका मशीनले.
हात लावू नका! माल लाखाचा आहे हे समजल्याशिवाय कोणी असं म्हणते काय? मी काही कालचा नाही. सांगितलं, काल पितृपक्ष लागला, आमच्या घरी व्यवहार चालत नाही. घटस्थापना झाल्यावर या.
(मागच्या पितृपक्षात मी मोबाइल घेतला. पण तो हप्त्यावर होता.)

९ सप्टेंबर
प्लॅन. पंधरा दिवसांत रिस्टोरेशन. मग दीड लाख मागायचे. उद्यापासून पहाटे पाचले उठणे.

१२ सप्टेंबर
साडेनऊले उठलो. शरीराले सवय लागायले वेळ लागते. सोमवारपासून पाच.

१५ सप्टेंबर
ग्राइंडर मारून टेबलाचा गंज काढला. स्लाइडवरही मारला. लख्ख! समोरचा चंदन वेल्डर चप्पल न घालता पळत आला. म्हणे, भाऊ, काहून मारून राहिले ग्राइंडर, सपाटी गेली त मशीन कामाची राहत नाही. जळते लेकाचा. वेल्डरले मिलिंगमधलं काय समजते?

१९ सप्टेंबर
हिरवा ऑइल पेंट, चार लिटर. टेबल, हँडल, स्लाइड, आकड्यांच्या पट्ट्या, तेल टाकायची भोकं, एक जागा सोडली नाही. दसऱ्याच्या पूजेले आपल्याकडं सारेच मशिनी रंगवतात, पण स्लाइड सोडून देतात. अर्धवट काम करायची सवय. मी दोन-दोन हात मारले.

२१ सप्टेंबर
रंग वाळला. आधी हँडल थोडं हलत होतं, आता बिलकुल नाही. मजबुती आली.
वच्छला म्हणे, फुलं चार-पाच दिवसांत निघतात. मी म्हटलं, परवा मशीन गेलीच समज.

२३ सप्टेंबर
जीवन आला. फिनिशिंग पाहून गार पडला. नखानं रंग खरवडला. टेबलावर पट्टी ठेवून खालून उजेड येते काय ते पाहिलं. बराच येत होता. विचारलं, ग्राइंडर कोणी मारला? मी स्वतः, असं सांगितलं. म्हणे, काका, आता सत्तरात हे मले जमत नाही. चहासुद्धा न घेता गेला.
मी दीड लाख म्हणायच्या आधीच गेला! सौदा करायची स्टाइल आहे एकेकाची. दोन दिवसांत फोन येईल.

२६ सप्टेंबर
फोन नाही. नेटवर्क खराब असेल.
फुलं आली. बत्तीस क्रेट. मशीनच्या आजूबाजूले आठ बसले. बाकीचे अंगणात, ताडपत्रीखाली.

२८ सप्टेंबर
रात्रभर पाऊस. ताडपत्री उडाली. अंगणातली सारी फुलं सडून काळी. वच्छला ओरडली नाही, रडली नाही. एक-एक क्रेट उकिरड्यावर उलटा करत राहिली. ओरडली असती त बरं झालं असतं बाप्पा. मले लय वाईट वाटलं.
तिले समजावून सांगितलं की दोष पावसाचा आहे. तिनं ऐकून घेतलं.

३० सप्टेंबर
अकोल्याले जाऊन आलो त शेड खाली. वच्छलेनं मशीन भंगारवाल्याले किलोनं देऊन टाकली. दुसऱ्या तोडीची फुलं आत पसरून, दारात बसून हार ओवत होती. म्हणे, जेवण झाकून ठेवलं आहे.
आज पितृपक्षही नाही. असता त व्यवहार चालत नाही म्हटलं असतं.

१४ डिसेंबर
मोबाइलवर जाहिरात दिसली. तीच मशीन! खाली नाव जीवनचं, त्यानं भंगारवाल्याकडून उचलली. किंमत दोन लाख. म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता, उलट कमीच होता. वच्छलेले दाखवलं. तिनं फोटो लय वेळ पाहिला. म्हणे, आपलीच काय ही?
उद्या अमरावतीले जातो. काम कसं केलं ते तपासणं गरजेचं आहे.

१५ डिसेंबर, संध्याकाळ
जाऊन आलो. हिरव्या रंगाचा कुठंच पत्ता नाही. जीवन म्हणे, टेबल अन् स्लाइड सपाट करायलेच दीड महिना गेला. बटन दाबलं. एका बोटानं हँडल फिरवलं अन् टेबल सरकलं. लोखंडाचा बारीक कीस पडायले लागला. बारा वर्षांत मी तिले चालताना आज पहिल्यांदा पाहिलं. घंटाभर उभा होतो. जीवननं स्टूल आणून दिलं, बसायचं सुचलं नाही.
घरी आल्यावर वच्छलेनं विचारलं, कशी चालते?
सांगितलं, आवाज करते थोडा.
आवाज करत नव्हती.