शून्य दलाली परिवार, पवनी

१ मे
आजपासून मी इन्व्हेस्टर. कामगार दिनाचा मुहूर्त मुद्दाम धरला, कारण यापुढे काम पैशाने करायचं आणि आपण बसायचं. आंघोळ केली, मोबाइलला हळद-कुंकू लावलं आणि शेअर बाजार उघडायची वाट पाहत बसलो. बाजार बंद. सुट्टी आहे म्हणे. उत्तम. तयारीला अख्खा दिवस मिळाला.
बायको रुपाने विचारलं, मोबाइलची पूजा काहून करून राहिले. म्हटलं, दसऱ्याला ट्रॅक्टरची करतात ना, तसंच. ती पोळ्या करायला गेली.

३ मे
ॲप निवडलं की अर्धी लढाई जिंकली. रुपाचा भाऊ भुपेंद्र जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे, दर महिन्याला कशात तरी पैसे टाकतो. त्याला फोन केला. म्हणाला, "भाऊजी, कोनतंबी एक बरं पाहून घ्या, पन पैसे त टाका." नोकरदाराची बुद्धी. पैसे शेवटी टाकायचे असतात, आधी अभ्यास.
तीन ॲप डाउनलोड केले. एक हत्तीच्या चित्राचं, एक पोपटाचं, एक कंदिलाचं. तिघांचंही म्हणणं एकच: दलाली शून्य. वाचून अंगावर काटा आला.

४ मे, रविवार
दिवसभर दलालीवर चिंतन. एक विकतो, एक घेतो. मग हा मधला कोण? नुसता मध्ये बसतो आणि दोन्हीकडून खातो. असल्या लोकांनीच देश मागे ठेवला.
दुपारी करडीला जाऊन आलो. तिथल्या यादोरावला ट्रॅक्टर विकायचा आहे आणि आपल्या पवनीच्या खुशालला चिखलणीच्या आधी घ्यायचा आहे. जुन्या ट्रॅक्टरचे सौदे जमवून देणं हा आमचा बाबांपासूनचा धंदा. दोन्हीकडून दोन-दोन टक्के. हा एक सौदा झाला की सीझनची कमाई झाली.
बाबांचा नियम मी आजवर मोडला नाही. विकणाऱ्याचा नंबर घेणाऱ्याला द्यायचा नाही आणि दोघांना एका बाकावर चहा पाजायचा नाही. बाबा तर दोघांच्या मधून चालायचे. शेताच्या अरुंद धुऱ्यावरून जायची वेळ आली की एकाला पुढे काढायचे, दुसऱ्याला मागे ठेवायचे.
रुपाला या सौद्याच्या पैशातून मोटरवाली शिलाई मशीन हवी आहे. पायाची मशीन अडते, लग्नसराईत ब्लाउज परत जातात. म्हटलं, आधी पैसा बाजारात दुप्पट होऊ दे, मग शोरूमच टाकून देतो. ती म्हणाली, "दुप्पट नोको. मले मशीन पायजे." दूरदृष्टी नाही.

६ मे
धक्का. हत्तीवाल्याच्या शून्यावर बारीक तारा आहे. स्क्रीन खाली सरकवत गेलो तर तारा म्हणजे अटी. शेअर विकला की चार्ज. वर्षाचा मेंटेनन्स. त्यावर जीएसटी. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. हत्तीचं चित्र उगाच नाही लावलं. डिलीट.
पोपटवाल्याच्या कस्टमर केअरला विचारलं, तारा नसलेलं शून्य मिळेल का. मुलगी म्हणाली, सर, होल्डवर राहा. गाणं चांगलं होतं.
रुपाला तारा दाखवला. तिने चष्मा लावून सगळ्या अटी वाचल्या आणि म्हणाली, तुमाले कोन फुकट देईन जी? तरी मी चिडलो नाही. इन्व्हेस्टरने शांत राहायचं असतं.

९ मे
कंदील फायनल. तारा त्यालाही आहे, पण लहान आहे.
फॉर्म भरला. व्यवसाय: बिझनेस. वार्षिक उत्पन्न: सगळ्यात वरचा पर्याय. (भविष्याचा विचार करून.) एक प्रश्न होता, आपला कुठल्या ब्रोकरशी संबंध आहे का. ठणकावून "नाही" दाबलं. असल्यांशी माझा काय संबंध?
सेल्फी तीनदा रिजेक्ट. कूलरने केस उडत होते. सही दोनदा रिजेक्ट, कारण कागदाच्या मागे रुपाने कोणाच्या तरी बाहीचं माप लिहिलं होतं. नॉमिनी म्हणून रुपाचं नाव टाकलं. सांगितलं, मी गेल्यावर यातलं सगळं तुझं. तिने विचारलं, आता किती आहे? काही लोकांना भावना कळत नाहीत.

१२ मे
ज्ञान आपल्यापुरतं ठेवू नये. सकाळी चहाच्या टपरीवर खुशालला समजावलं. जग बदललं भाऊ, विकणारा आणि घेणारा आता सरळ भेटतात, मधला कटाप. खुशाल चहा प्यायचा विसरला. असा श्रोता पवनीत मिळत नाही.
दुपारी करडीत हेच यादोरावला. त्याने दोनदा विचारलं, "मंजे मधात कोनीच लागत नाई का जी?" म्हटलं, कोणीच नाही. लागतो म्हणणारा तुम्हाला लुटतो. निघताना त्याने पिशवीभर आंबे दिले. मी शिकवायला लागलो तर क्लासवाल्यांचं अवघड आहे.

१५ मे
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव: शून्य दलाली परिवार, पवनी. ॲडमिन मी. सगळ्यात आधी यादोराव आणि खुशालला ॲड केलं, कारण दोघेही जिज्ञासू. मग भुपेंद्र, मग रुपा, मग टपरीवाला.
पहिला मेसेज टाकला: मधला माणूस हटवा, पैसा वाचवा. यादोरावने हात जोडले. खुशालने अंगठा. भुपेंद्रने खाजगीत विचारलं, भाऊजी, तुमची तब्येत बरी आहे ना? जळतो.

१८ मे
ग्रुपवर शांतता. मनन चालू असावं.
खुशाल फोन उचलत नाही. यादोराव म्हणाला, लग्नात आहो, मंग बोलू. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. लग्नाला ट्रॅक्टरने गेला असेल. सौदा पक्का समजून कंदीलवाल्यात कोणते शेअर घ्यायचे त्याची लिस्ट केली. रुपाने मशीनचं विचारलं. म्हटलं, आठवडाभर थांब.

२३ मे
सकाळी दारासमोरून ट्रॅक्टर गेला. झेंडूचा हार, बोनेटवर स्वस्तिक. ओळखीचा वाटला. खुशाल चालवत होता. यादोराव बाजूला मडगार्डवर बसला होता. दोघांच्या मध्ये कोणी नव्हतं.
खुशालने थांबवून पेढे दिले. तो म्हणाला, "भाऊ, तुमीच त सांगतलं. नाईतर आमाले कुठं समजत होतं?" यादोराव उतरून माझ्या पाया पडला. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस. मी आशीर्वाद दिला. काय करणार?
रुपा दारात उभी होती. मापाची पट्टी गुंडाळत आत गेली. तेच जास्त लागलं. मला रडू येत होतं, म्हणून पेढा खाल्ला.

२४ मे
विचार केल्यावर लक्षात आलं की हे नुकसान नाही, जाहिरात आहे. खुशालने ग्रुपवर ट्रॅक्टरचा फोटो टाकून लिहिलं, ॲडमिन साहेबांचे आभार, टक्का वाचला. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये अड्याळपासूनचे लोक आले. एक म्हैस, एक थ्रेशर आणि एक प्लॉट विक्रीला लागला. थ्रेशरचं तर माझ्याकडेच बोलणं चालू होतं.

२७ मे
थ्रेशर गेला. प्लॉट गेला. म्हशीचा भाव मी वाढवून सांगायला गेलो तर लोकांनी मला ग्रुपचा नियम दाखवला: मधला माणूस हटवा. नियम मीच लिहिला होता.
ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण दाबणार होतो. तेवढ्यात कोणी तरी लिहिलं, असा माणूस गावाला पाहिजे. थांबलो.

३० मे
घरी आलो तर मोटरवाली शिलाई मशीन. करडीच्या ललिताबाईची पडून होती, तिने ग्रुपवर फोटो टाकला. रुपाने ब्लाउजच्या पैशातून सरळ तिच्याकडून घेतली, भुपेंद्रने गाडीत टाकून आणली. मला कोणी विचारलं नाही.
रुपा म्हणाली, "मधात कोनी नोहता, मनून सस्ती पडली." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, ग्रुप मात्र चांगला काढला तुमी. खरं म्हणाली. वाईट त्याचंच वाटलं.

३ जून
कंदीलवाल्याचा मेसेज. अभिनंदन, आपलं खातं सुरू झालं. उघडून पाहिलं. शिल्लक शून्य. दलाली शून्य. आतापर्यंत शब्द पाळला म्हणायचा. खाली लिहिलं होतं, व्यवसायात बदल झाला असल्यास कळवा. व्यवसायांची यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. काही दाबलं नाही.
दुपारी रुपाने ब्लाउजचा ढीग पुढे ठेवला. हुक लावून द्या, दर ब्लाउजमागे मजुरी देते म्हणाली. विचारलं, मजुरी पूर्ण हातात येईल ना? ती मशीन थांबवून म्हणाली, "तारा आहे त्याले." सुई-धागा माझा. उलटा लागलेला हुक मीच उसवायचा, फुकट.
अटी मान्य केल्या. आज चार ब्लाउज झाले. दोन उसवले.