हिरवी पाकिटं

१२ मे

सहा नंबरच्या यंत्रावरच्या पाकिटाची तारीख कालच उलटली! खोबऱ्याच्या चवीचा खाऊ, हिरवं पाकीट — यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून ठेवलेलं. शिळं झालं की यंत्र रुसतं. शियाताई नवं नेहमी महिनाभर आधीच ठेवतात. पाचवरचंही शिळं. शेजारच्या यंत्रावरचा पाओ-लिन हसला — "तुला भिंगं तपासायला ठेवलंय की खाऊ?"

१४ मे

ताई गेल्या! आमच्या लेप-विभागाच्या प्रमुख! त्यांच्यासोबत आणखी पाच जण — राजीनामे, एकदम. भिंगावर लेप किती तापमानाला चढवायचा हे कागदावर आहे. काच कधी नाटकं करणार, ते त्यांच्या डोक्यात.

पाकिटं दिसली होती मला. अर्थ दिसला नाही.

१५ मे

बाजार उघडताच आमचा शेअर दहा टक्के खाली. एका दिवसात त्याखाली जाऊच देत नाहीत, म्हणून थांबला. कारखान्यात हिरवं शुभ. आमच्या देशात बाजाराच्या पडद्यावर मात्र हिरवं म्हणजे घसरण, लाल म्हणजे चढ!

१८ मे

पुन्हा दहा टक्के.

कंपनीचा वार्षिक अहवाल काढून वाचला. जमीन आहे, इमारत आहे, यंत्रं आहेत, भोजनगृहातल्या खुर्च्यासुद्धा. ताई कुठेच नाहीत. जे नोंदलेलंच नव्हतं ते गेलं — आणि किंमत पडली नोंदलेल्या सगळ्याची!

आईने न्याहारीच्या दुकानावर मिळवलेलं सगळं याच शेअरात आहे. भीत भीत विचारलं, काय करायचं? अंड्याची पोळी उलटत म्हणाली, "गप रे! माझा मुलगा आत बसलाय. तू तिथे आहेस तोवर मी एक शेअर विकायची नाही."

२२ मे

ताईंचा फोन. "इकडे, नव्या कंपनीत ये. चार नंबरच्या यंत्राचे सगळे नखरे तुला ठाऊक आहेत. तसंच यंत्र इथे घेतलंय."

"ताई, मी तंत्रशाळा अर्धी सोडलेला—"

"मी कुठे प्रमाणपत्र मागितलं?"

विचार करतो म्हणून फोन ठेवला.

२५ मे

शेअर सावरला! अध्यक्षांनी बातम्यांत सांगितलं — "लेप-विभागातले उरलेले अनुभवी लोक आमच्याकडेच आहेत."

उरलेले म्हणजे पाओ-लिन आणि मी!!

आईने गिऱ्हाइकांना सोयाचं दूध फुकट वाटलं.

२७ मे

चार नंबरवरचं पाकीट उद्या शिळं होणार. नवं मी आणलेलं नाही.

सकाळी दुकानात एवढंच म्हणालो — "आई, आज विकून टाक."

ती माझ्याकडे बघत राहिली. तव्यावरची पोळी करपली.