पत्र्याच्या खोलीवर स्लॅब नको

मी, उमादेवी गुरुपादप्पा बिराजदार, वय सत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबाव आणायला मुलगा येतो, पण चहा पिऊन परत जातो.

कलम १. माझे पती, सासूबाई पार्वतम्मा आणि लेक महानंदा किल्लारीच्या भूकंपात गावच्या घरात गेले. मी नोकरीमुळे लातुरात होते. घरावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, होते. सासूबाई दर उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायला लावायच्या. "टाका आनिक चार घमेली, लेकरं भिजायची न्हाईत." मायेनंच टाकायला लावायच्या बिचाऱ्या. तीच माती अंगावर आली. वाचला तो एकटा मुलगा भीमाशंकर, तेव्हा सात वर्षांचा. आज माझा वारस तोच.

कलम २. गावची शेती भीमाशंकरला. माझ्या पाटल्या सूनबाई पुनमला. तिने त्या कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत, घालाव्यात.

कलम ३. लातूरचे घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. मागच्या खोल्या भीमाशंकरला. पुढची पत्र्याची खोली नात उर्वीला. ती सज्ञान होईपर्यंत खोली पुनमने सांभाळावी.

खोली पत्र्याची का, हे भीमाशंकर विसरला म्हणून लिहिते. ढिगाऱ्यातून काढल्यावर तो कुठल्याच छताखाली जाईना. शाळेच्या दारात वर बोट दाखवून रडायचा, "आई, वरचं काढ." हेडमास्तर म्हणाले, नाव कमी करावं लागेल. म्हटलं, करा. मी त्याला घरीच, अंगणात शिकवला. पाटी धरीना, म्हणून पडलेल्या माळवदाची माती गोणीत भरून आणली, डिंकात कालवली आणि त्याला चित्रे काढायला बसवले. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. ज्या मातीनं माझी महानंदा नेली, ती याच्या हातात तरी हलकी व्हावी, एवढंच मला सुचत होतं. तो घरं काढायचा, सगळी बिनछपराची. एक दिवस त्यानं एका घरावर पत्रा काढला. मी लगेच ही खोली उभी केली, आणि तो तिच्यात झोपला.

कलम ४. तोच भीमाशंकर आता क्लासच्या गल्लीत अभ्यासिका चालवतो. उर्वीला त्याने सातवीतच फाउंडेशन बॅचला घातले. पहाटे क्लास, मग शाळा, मग टेस्ट. पोरगी जेवेना, बसल्या बसल्या पापण्यांचे केस उपटायला लागली. तेव्हा पुनमने सगळे बंद करून तिला घरी शिकवायला घेतले. चित्रकला माझ्याकडे. घरीच शिकणारी आणखी काही लेकरेही येतात. भीमाशंकर म्हणतो, "आई, नीटला चित्र येतंय का? पोरीचं वाटोळं करायलीस तू." त्याला जूनपासून ती पुन्हा क्लासला हवी आहे, आणि या खोलीवर स्लॅब घालून क्लासच्या पोरांना भाड्याने द्यायला मजले चढवायचे आहेत. आग लागो त्या मजल्यांना! खोलीवर स्लॅब घालू नये. घरी शिकणाऱ्या कुठल्याही लेकराला चित्र काढायला ती उघडी ठेवावी.

कलम ५. रंग, ब्रश, बोर्ड आणि मातीची उरलेली गोणी उर्वीला. आमच्यात पुरतात. माझ्यावर माती टाकताना या गोणीतली चिमूटही घेऊ नये. ती लेकरांच्या रंगाची आहे.

कलम ६. परवा मी उर्वीला घर काढायला सांगितले. तिने कागदभर नुसते छत काढले. खाली भिंत नाही, दार नाही, माणूस नाही.

भीमा, तू वाईट नाहीस रे. तू आजीसारखाच मायेनं थर टाकतोयस. खोली दिली नाही म्हणून कोर्टात जायचं असेल तर खुशाल जा. पण आधी ते चित्र बघ. कपाटाच्या दारावर चिकटवलंय. आणि पोरीच्या वरचं काढ.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि सही केली.

उमादेवी गुरुपादप्पा बिराजदार

साक्षीदार:
१. डॉ. सुदर्शन कोरे (बाई शुद्धीत आहेत. चिडलेल्याही आहेत.)
२. पंचशीला गायकवाड, निवृत्त शिक्षिका

लातूर, १९ मे २०२४