एकास दोन

रिठद, ता. ९ डिसेंबर १९३३

चुन्याची निवळी पिवळी झाली.

वाटीत पुडीतलं औषध टाकलं, वरून निवळी ओतली आणि काळं व्हायची वाट पाहत बसले. काळं झालं नाही. दुसरी पुडी फोडली. तीही पिवळी.

मायना आधी लिहायचा असतो, तो राहिला. तुमच्या चरणी नमस्कार. तुरीला शेंगा धरल्या आहेत. कपाशीची दुसरी वेचणी झाली. सासूबाईंचा गुडघा तसाच. आपल्या रंगूची तब्येत जरा नरम आहे.

तिच्या पायांवर फोड आल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. मामंजींनी तिला रसकापूर हे त्यांचं पाऱ्याचं औषध सुरू केलं. आजेसासऱ्यांच्या वेळचा बुधला संपला होता, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी परसात पारा आणि मीठ घालून, मडक्यावर मडकं लिंपून चुलीवर नवा केला. या खेपेला मीठ जास्त पडलं की आच जास्त लागली, मला माहीत नाही. रसकापूर दातांना लागू द्यायचा नसतो. मनुकेत भरून द्यायचा. मनुका मीच भरत होते. रंगू हात पुढे करायची आणि आणखी एक मागायची.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही ओसरीवर मला दाणे मांडून दाखवले होते. तूर म्हणजे पारा, ज्वारी म्हणजे क्लोरिन. एका तुरीला एक ज्वारी ठेवलीत आणि म्हणालात, हे औषध. शेजारी दुसरी ज्वारी ठेवलीत आणि म्हणालात, हे विष. मी विचारलं, दीड ठेवली तर? तुम्ही म्हणालात, दीड नसते. अणू अर्धा होत नाही, म्हणून तर वजनं सरळ पटीत येतात. मग कॉलेजातून आणलेल्या दोन पांढऱ्या भुकट्यांवर पानाच्या चुन्याची निवळी ओतलीत. औषध काळं झालं. विष पिवळं. मला ती हातचलाखी वाटली होती.

मामंजी दारात उभे होते. म्हणाले, "आमच्या कणादानं हे कव्हाच सांगून ठेवलं."

"कणादानं तराजू घेतला नव्हता, बाबा," तुम्ही म्हणालात, आणि त्यांचाच रसकापूर तपासायला मागितलात. तिथून जे सुरू झालं ते तुम्ही नागपूरला निघून गेल्यावरच थांबलं. आज इतक्या वर्षांनी मी तीच वाटी त्यांच्यापुढे नेली.

"काय हाय हे?"

"रंगूचं औषध. निवळी टाकून पाह्यली."

"चुना कायले? विडा लावून राह्यली काय?"

"पिवळं झालं, मामंजी. बरं असतं तं काळं झालं असतं."

ते हसले. "तो नागपूरले बसून राह्यला अन् माही परीक्षा तू घेऊन राह्यली. माह्या बापानं याच औषधानं अर्धा तालुका बरा केला. पारा तोच, मीठ तेच. मंग जहर कुठून आलं?"

"क्लोरिन एकाच्या जागी दोन झालं."

"दिसते तुले? दाखव मले."

मी वाटीच पुढे केली. सासूबाई आतून ओरडल्या, "तुमचा कणाद ठेवा बाजूले. बंडी जुंपा अन् पोरीले वाशीमले दवाखान्यात न्या!"

"जुंपतो ना. आपल्या पोराले, जगदेवले म्हन, लिवून दे. बापाचं औषध खरं, अन् माहे अणू खोटे. कागद आला का जुंपतो."

आता खरं लिहिते. रंगूच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या आहेत. लाळ थांबत नाही. शौचाला रक्त पडतं. कालपासून लघवी झालेली नाही. म्हणते, "आई, तोंडात पैसा ठेवल्यावानी लागते." रडत नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून मागते. लिहून द्या. अणू नसतात, असं लिहा. एक आणि दोन सारखेच, असं लिहा. वजनं चुकली, तराजू चुकला, तुम्ही चुकलात, असं लिहा आणि खाली सही करा. ज्यासाठी तुम्ही घर सोडलंत ते मी एका बंडीसाठी मागते आहे, हे मला कळतं. खोटं लिहिल्यानं अणू कुठे जाणार नाहीत. रंगू जाईल.

हे पत्र तुमच्या हातात पडायलाच तीन दिवस लागतील. हे मला आत्ता, इथपर्यंत लिहिल्यावर सुचलं.

वाशीम, सरकारी दवाखाना. दुसरा दिवस.

काल लिहिता लिहिता उठले. तांड्यावरचा सोमला जळाऊ लाकडं घेऊन वाशीमला निघाला होता. दारात बंडी थांबवून त्यानं नेहमीसारखं विचारलं, "नानाजी, बजारातून काई आनू काय?"

मामंजी नको म्हणाले. मी रंगूला गोधडीत गुंडाळून बाहेर आले.

"कुठं चालली?"

"वाशीमले."

"माह्या घरातून अशी गेली तं..."

सासूबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. "म्होरं नका बोलू. बोलान तं मीबी जातो."

 सोमलानं अर्धी लाकडं आमच्याच दारात उतरवली आणि जागा केली.

आज सकाळी मामंजी दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले दिसले. पायी आले होते. बुधला सोबत आणला होता. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. पारा किती, मीठ किती, आच किती वेळ, सगळं त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टरांनी चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून हलवली. ती पूर्ण विरघळली. म्हणाले, औषध असतं तर तळाशी बसलं असतं. मामंजी त्या स्वच्छ पाण्याकडे पाहत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्याले काई लिवून नको मांगू."

डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं बंद आहेत. दूध पाजत राहा. याहून जास्त त्यांच्या हातात काही नाही. किती दिवस, ते सांगत नाहीत.

तार केली आहे. तारेत फक्त "या" आहे. हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही निघालेले असाल. तरी टाकते. वर मागितलं ते खोडत नाही. मी ते मागितलं होतं, हे तुम्हाला माहीत असावं.

रंगू जागी आहे.

रंगूची आई,
सोजर