पिवळ्या बिल्ल्याचा दिवस

चारा छावणी, घाटनांदूर
शनिवार, २२ जून २०१९

चि. शिवकन्या हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

"इकडे सर्व खुशाल आहे," असं लिहून गीता मोकळीही झाली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. गीता म्हणजे आपल्या धोंडीरामची बायको, अंगणवाडीवाली. तिची बैलजोडी छावणीत आमच्या शेजारच्या दावणीला आहे. मी बोलते, ती लिहिते. पण लई शुद्ध लिहिते बाई. माझं बोलणं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतं म्हणे. ओळखू आलं नाही तरी आजी तीच आहे.

फोन का केला नाही म्हणशील. स्पीकर लावल्याबिगर मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की दोनशे जनावरं आणि त्यांची माणसं ऐकतात. जनावरांचं काही नाही.

पाऊस नाही. ढग येतात, पोरगी बघायला आल्यासारखे बसतात, आणि निरोप न देता जातात. टँकर एक दिवसाआड. तुझा बाप बंकट सकाळी आभाळाला शिव्या देतो आणि संध्याकाळी त्याच तोंडानं हरिपाठ म्हणतो. चंद्री मजेत आहे. तिची कालवडही. तू मेसची पातळ भाजी खात जा. पातळ खाऊन कोणी मेलेलं मी बघितलं नाही, उपाशी राहून बघितलंय.

दमले गं. एवढं बोलले तरी धाप लागली. खरं बोलायचं तर अजून सुरूच झालं नाही.

परवा तू विद्यापीठाच्या कमिटीचा कागद गीताच्या मोबाइलवर धाडलास. तिनं मला बाभळीखाली नेऊन वाचून दाखवला. घडलं फेब्रुवारीत, तक्रार जूनमध्ये. ती तीन महिन्यांत यायला हवी होती, महिनाभर उशीर का झाला याचं कारण तीन जुलैच्या आत लेखी द्या, नाहीतर तक्रार घेता येणार नाही. आणि त्याखाली तू विचारलं होतंस, "आजी, काय कारण लिहू?"

तेवढंच. माझ्यावर काही ढकललं नाहीस. रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

कारण मला माहीत आहे, पोरी. कारण इथं बाजेवर बसून तंबाखू मळतंय.

तरी तू मला न विचारता तक्रार दिलीस. बरं केलंस. विचारलं असतंस तर मी पुन्हा गप बसवलं असतं.

तक्रारीची वार्ता इथं यायला चार दिवस लागले नाहीत. छावणीचे चेअरमन अर्जुनराव स्वतः दावणीपाशी आले. पांढरे बूट, शेणात जपून पाय टाकत.

"आजी, नात कशी हाय? पोरींनी शिकावं. भांडनं करू न्हाई."

"शिकल्याबिगर भांडावं कसं, चेअरमन? आमाला शिकवलं न्हाई म्हनून तर आमी गप."

हसले. दुसऱ्या दिवशी सगळ्या दावणीला पेंड आली, आमची सोडून. तिसऱ्या दिवशी ऊसही कमी आला.

मग मी काय केलं ते सांगते. वर चंद्री मजेत आहे लिहिलंय, ते गीता खोडत होती, मी खोडू दिलं नाही. चंद्री कुठं आहे मला माहीत नाही. बाजारात उभी केली आणि दोर दुसऱ्याच्या हातात दिला. कालवड माझ्या बहिणीकडे, मुक्ताकडे धाडली. तिच्या विहिरीला एका तोंडापुरतं पाणी आहे, दोघींना पुरलं नसतं. तुझ्या बापाला वाटतं म्हातारीला चळ लागला. वाटू दे. मला एवढंच पाहिजे होतं की माझं काहीही त्या माणसाच्या दावणीला बांधलेलं नसावं. आता नाही. आज संध्याकाळी बाज उचलून घरी जाणार.

तू मला हे करायला सांगितलं नव्हतंस, म्हणून याचं ओझं घेऊ नको. ते माझं आहे.

हा कागद तुझा. दुसरा कमिटीला दे. गीताला म्हणलं, दुसरा धुवायचा नाही. बोलते तसा लिही.

―

कमिटीच्या बाईसायब आन सायबास्नी,

म्या साखराबाई, शिवकन्येची आजी. मला लिवता-वाचता येत न्हाई. तारखा येत न्हाईत. पर ज्या दिशी छावणी उगडली आन आमच्या गाईंच्या कानात पिवळे बिल्ले मारले, त्या दिशी माजी नात भाकरी घिऊन आलती. म्या गाईचं शिंग धरून हुबी व्हते. ती माज्या कानात बोलली, उत्तरेश्वर सरांनी मला खोलीत बोलवलं, दार लावलं, कमरंत हात घातला आन म्हनले, माज्या सहीबिगर तुजा परबंद पुढं जात न्हाई.

गाय थरथरत व्हती का पोरगी, मला समजंना. म्या तिच्याकडं बगितलं न्हाई. म्हनलं, गप. घरच्या अब्रूचा इचार कर.

समोर चेअरमन फीत कापत व्हते. सर त्येंचा सख्खा पुतन्या. छावणी त्येंच्या दूध सोसायटीची. दोन गाईंचं तोंड त्येंच्या हातात व्हतं. अब्रू न्हवती, बाईसायब. चारा व्हता. अब्रू म्हनलं की पोरी ऐकत्यात, म्हनून अब्रू म्हनलं.

पोरीनं माजं ऐकलं. उशीर तिचा न्हाई, माजा हाय. माज्या नावानं लिवा.

बिल्ल्याचा दिस छावणीच्या रजिस्टरात हाय. सहा मार्च. गीतानं सोता बगितला. बोलवलं तर म्या येते. तुमच्याकडं याया मांजरसुंब्याला गाडी बदलायची, एवढं मला म्हाईत हाय. तिथं बी हेच बोलन, आन चेअरमन समोर बसले तरी हेच.

अंगठ्याला शाई त्येंच्याच हापिसातून आनली.

साखराबाई
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार: गीताबाई धोंडीराम, अंगणवाडी सेविका.
आजी म्हणत होत्या, तुझे बैल अजून इथं आहेत, तुझं नाव घालू नको. घातलं आहे.